एकाच फांदीकडे पुन्हा पुन्हा

ज्या घरामागे कढीपत्त्याचं एखादं झाड आहे, त्या घराच्या परसात ‘कॉमन मॉरमन’ या फुलपाखराचं जाणंयेणं बहुधा असतंच. घरच्यांना त्याचा पत्ता असो वा नसो. मादी कोवळ्या पानावर जेमतेम मिलिमीटरभर आकाराचं, फिकट पिवळं, गोल अंडं घालते. त्यातून निघणारी अळी काळपट-तपकिरी, अंगावर पांढुरका पट्टा. पानावर पक्ष्याची शीट पडली आहे असंच वाटावं. वाढता वाढता शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि तिच्या पुढच्या फुगीर भागावर दोन मोठे डोळे दिसू लागतात. हे डोळे म्हणजे नुसती रंगाची ठेवण. खरं डोकं त्यांच्याही पुढे, खाली वळलेलं असतं आणि खरे डोळे त्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, सुईच्या टोकाएवढे. अळीला डिवचलं तर मानेमागून लालसर, दोन टोकांचं मांसल शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. फोडणीसाठी आपण रोज ज्या डहाळीची पानं तोडतो, तिच्यावर हा सगळा संसार चालू असतो.

नुसत्या डोळ्यांना यातलं बरंच दिसतं, पण पुरतं दिसत नाही. अळी दिसते, तिचे खरे डोळे दिसत नाहीत. अंडं दिसतं, त्या अंड्यावर बसलेली, अंड्याहूनही लहान गांधीलमाशी दिसत नाही. मॅक्रो छायाचित्रणाचं काम इथे सुरू होतं. परसबागेतल्या कीटकांच्या मॅक्रो छायाचित्रणाची मराठी वाचकाला नीट ओळख व्हावी म्हणून हे पुस्तक तयार केलं आहे. हा छंद आज घरोघरी पोचतो आहे. मोबाइलला चिमट्याने लावायची भिंगं मिळतात, महागड्या फोनमध्ये तर जवळून टिपण्याची सोय आतच असते. तरीही या कलेची घडण कशी झाली, तिच्यात कोणते पंथ आहेत, कोणत्या वाटेने गेलं तर काय हाती लागतं आणि काय निसटतं, हे मराठीत एकत्र सांगितलेलं फारसं आढळत नाही. या प्रस्तावनेत ते सांगायचा प्रयत्न आहे.

आधी तंत्राची मूळ अडचण समजून घेऊ, कारण या कलेचा सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. एक सेंटिमीटरचा भुंगेरा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटला, तर त्याला एकास एक मोजमाप म्हणतात. काटेकोर अर्थाने मॅक्रो इथून सुरू होतं. भिंग सेन्सरपासून जितकं पुढे सरकवावं तितकी प्रतिमा मोठी होते, पण त्याची किंमत मोजावी लागते. पहिली किंमत प्रकाशाची: एकास एक मोजमापाला एफ/८ चं छिद्र प्रकाशाच्या हिशेबात एफ/१६ इतकं लहान होऊन बसतं. दुसरी किंमत याहून जबर आहे. फोकसमध्ये राहणाऱ्या पट्ट्याची जाडी, जिला छायाचित्रकार डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, ती कमालीची आटते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एकास एकला एफ/११ ठेवलं तर हा पट्टा सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो. पाचपट मोठं करायला गेलात तर तो पाव मिलिमीटरच्याही आत येतो. म्हणजे मुंगीचा डोळा स्पष्ट असेल तर तिच्या मिशा धूसर होणारच. छिद्र आणखी बारीक करून पट्टा वाढवावा, तर बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. त्यात वारा, आपल्या हाताचा कंप आणि किड्याची चंचलता. मॅक्रो छायाचित्रकाराने शोधून काढलेली प्रत्येक युक्ती या कोंडीतून सुटण्यासाठी आहे.

कीटक आणि छायाचित्रण यांचं नातं छायाचित्रणाच्या जन्माइतकंच जुनं आहे. कागदावर प्रतिमा उमटवण्याचे प्रयोग करणाऱ्या इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४० च्या सुमारास सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांची छायाचित्रं घेतली होती. जवळून पाहण्याची ओढ तर त्याहून जुनी. रॉबर्ट हूक यांचं ‘मायक्रोग्राफिया’ १६६५ मध्ये निघालं. त्यातली पिसवेची घडीची मोठी आकृती आजही पाहणाऱ्याला थबकवते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने मला हूकपेक्षा मारिया सिबिला मेरिआन जवळची वाटते. तिचं सुरवंटांवरचं पुस्तक १६७९ मध्ये जर्मनीत निघालं, सुरिनामच्या कीटकांवरचा मोठा ग्रंथ १७०५ मध्ये. ती सुरवंट घरी वाढवत असे. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू आणि ते ज्यावर जगतं ती वनस्पती, हे सगळं ती एकाच चित्रात मांडत असे. हूकने कीटक जागेवरून उचलून भिंगाखाली आणला. मेरिआनने त्याला त्याच्या झाडावर ठेवलं आणि ती वाट पाहत राहिली. पुढच्या सगळ्या मॅक्रो छायाचित्रणात या दोन वृत्ती वेगवेगळ्या रूपांत दिसत राहतात.

फ्रान्समध्ये झाँ-आंरी फाब्र १८७९ मध्ये सेरिन्यां गावात राहायला आले. घराभोवतीची दगडगोट्यांची, झाडाझुडपांची पडीक जमीन त्यांनी मुद्दाम किड्यांसाठी राखली आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच निरीक्षणं केली. त्यांच्या कीटकविषयक आठवणींचे दहा खंड आहेत. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड आणि त्यांची पत्नी मॅरियन (टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची मुलगी) यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घराभोवतीचे किडे कित्येक फूट लांबीचा कॅमेरा बनवून टिपले. १९१४ मध्ये ही चित्रं ‘बुक ऑफ मॉन्स्टर्स’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांचे किडे मेलेले आणि मांडून ठेवलेले होते, कारण त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या काचपट्टीवर चित्र उमटायला लागणारा वेळ जिवंत किडा देणं शक्यच नव्हतं. तरीही घरामागच्या बागेतला नाकतोडा पानभर मोठा करून त्याच्या चेहऱ्याकडे वाचकाला पाहायला लावणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पुस्तकाच्या नावातला ‘राक्षस’ मात्र मला खटकतो. किड्याला राक्षस ठरवून पाहणाऱ्याला दचकवायचं, ही खोड मॅक्रो छायाचित्रणाला तेव्हापासून लागली ती अजून पुरती गेलेली नाही.

विसाव्या शतकाचा मधला भाग साधनांचा. हाइन्झ किलफिट यांचं ‘माक्रो-किलार’ हे ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीचं पहिलं मॅक्रो भिंग १९५५ चं. पुढे भिंग कॅमेऱ्यापासून पुढे सरकवणारे बेलोज आणि एक्स्टेन्शन ट्यूब, उलटी लावलेली भिंगं आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आले. या सगळ्यांत फ्लॅशने सर्वांत मोठा पालट केला. कमी ताकदीवर ठेवलेल्या फ्लॅशची लकाकी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही खूप कमी वेळ टिकते, त्यामुळे हाताचा कंप आणि किड्याची हालचाल दोन्ही गोठतात. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी ही लकाकी सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागापर्यंत खाली आणली आणि मोकळेपणी उडणारे कीटक पंखांवरच्या शिरांसकट टिपले. त्यांचं ‘बॉर्न ऑन द विंड’ हे पुस्तक १९७५ चं. कॅननचं एकपट ते पाचपट मोठं करणारं ६५ मिलिमीटरचं भिंग १९९९ मध्ये आलं आणि हौशी माणसाला माव्याच्या तोंडापर्यंत पोचणं सोपं झालं. आपल्याकडे मात्र बहुतेकांची सुरुवात जुनं ५० मिलिमीटरचं भिंग रिव्हर्स रिंगने उलटं लावून झाली. बटर पेपर, थर्माकोलचा तुकडा किंवा कापलेला पांढरा प्लॅस्टिकचा डबा फ्लॅशपुढे बांधायचा, की झाला डिफ्यूजर. या घरगुती डिफ्यूजरला कमी लेखू नये. भुंगेऱ्याची पाठ चकचकीत असते. उघड्या फ्लॅशचा तीव्र पांढरा डाग तिच्यावर पडला की रंग मरतो. प्रकाश जितक्या मोठ्या पृष्ठभागातून आणि जितक्या जवळून येईल तितका तो मऊ पडतो, आणि किडा एवढासा असल्यामुळे तळहाताएवढा बटर पेपरही त्याच्यासाठी आभाळाएवढा होतो.

आता पंथांविषयी. त्यांच्या सीमा काटेकोर नाहीत, एकच माणूस दोन-तीन पंथांत वावरतो, पण वृत्तीतला फरक ओळखू येतो.

एक पंथ नोंद करणाऱ्यांचा. चित्र देखणं असो-नसो, किड्याची ओळख पटली पाहिजे: वरून एक, बाजूने एक, चेहऱ्याचं एक, पंखांच्या शिरा दिसतील असं एक. फुलपाखरांच्या बाबतीत आपल्याकडे या पंथाने मोठं काम केलं आहे. आयझॅक किहिमकर यांचं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काढलेलं भारतीय फुलपाखरांवरचं पुस्तक २००८ चं. ते हातात घेऊन बागेत, माळावर जाणारी पिढी त्यातून उभी राहिली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉरमन’ म्हणजे राणी पाकोळी हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं, त्यामागेही फुलपाखरं ओळखणाऱ्यांची वाढलेली संख्या होती असं मला वाटतं.

दुसरा पंथ स्टॅकिंगवाल्यांचा. फोकस एक-एक केसाएवढा पुढे सरकवत अनेक चित्रं घ्यायची आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एक अखंड चित्र तयार करायचं. पट्टा आटण्याच्या त्या जुन्या कोंडीवर हा रामबाण उपाय ठरला. लेव्हॉन बिस यांचं ‘मायक्रोस्कल्प्चर’ प्रदर्शन २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात भरलं होतं. त्यांनी संग्रहालयातल्या एकेका नमुन्याचे तीसेक भाग पाडून, प्रत्येक भागाला वेगळा प्रकाश देऊन आठ हजारांहून अधिक चित्रांतून एकेक प्रतिमा उभी केली. सोंडकिड्याच्या पाठीवरच्या खाचा त्यात एखाद्या लेण्याच्या भिंतीसारख्या दिसतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या मधमाशी प्रयोगशाळेनेही काळ्या पार्श्वभूमीवरची अशीच हजारो चित्रं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. शरीररचना समजायला यापेक्षा चांगलं साधन नाही. पण त्यातला किडा मेलेला असतो, आणि तो कोणत्या झाडावर काय करत होता हे चित्र सांगू शकत नाही.

तिसऱ्या पंथाला कीटकाची जागा महत्त्वाची वाटते. जपानचे सातोशी कुरिबायाशी यांनी खास भिंगं तयार करून घेऊन, समोर टोळ मोठा आणि मागे त्याचं शेत, डोंगर, आकाश असं सगळं स्पष्ट दाखवणारी चित्रं काढली. २००९ मध्ये नायल बेन्व्ही आणि क्ले बोल्ट यांनी सुरू केलेल्या ‘मीट युअर नेबर्स’ या उपक्रमाने उलट टोक गाठलं: जीव जिथे सापडला तिथेच छोटा पांढरा मंच मांडायचा, त्यावर त्याचं चित्र घ्यायचं आणि त्याला परत सोडायचं. फ्रान्सचा ‘मायक्रोकॉसमॉस’ हा १९९६ चा चित्रपट याच कुळातला. एका कुरणातल्या किड्यांचं जगणं जवळजवळ निवेदनाशिवाय पडद्यावर उलगडतं. आणि पहाटेच्या नैसर्गिक प्रकाशावर भिस्त ठेवणाऱ्यांचा आणखी एक पंथ आहे. कीटकाच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते, म्हणून थंड सकाळी तो जागचा हलत नाही. दवाने भिजलेला चतुर अशा वेळी तिकाटण्यावर कॅमेरा लावून, सावकाश टिपता येतो.

या शेवटच्या पंथाच्या आडोशाने काही वाईट चालीही शिरल्या. किड्याला फ्रिजमध्ये ठेवून गारठवायचं, फवाऱ्याने खोटं दव उडवायचं, पाय चिकटवायचे, मुंगीला काडीवर कसरती करायला लावायच्या. स्पर्धांतून अशी चित्रं बक्षिसं मिळवतात आणि नवखा माणूस त्यांनाच आदर्श मानतो. हे छायाचित्रण मला मुळीच मान्य नाही. त्यात किड्याचे हाल आहेतच, शिवाय ते चित्र खोटं बोलतं: जे कधी घडत नाही ते घडतं असं सांगतं.

माझा स्वतःचा कल इथे उघड सांगतो, कारण पुस्तकाची मांडणी त्यावर उभी आहे. परसबागेतल्या मॅक्रो छायाचित्रणाचं खरं बळ भिंगात नसून पुन्हा पुन्हा त्याच जागी जाता येण्यात आहे. जंगलात गेलेला छायाचित्रकार एक अद्भुत किडा पाहतो, टिपतो आणि परततो. त्या किड्याचं काल काय झालं होतं आणि उद्या काय होणार, हे त्याला कळायचा मार्ग नसतो. परसात तो मार्ग न्हाणीघरापासून विहिरीपर्यंतचा असतो. मेरिआन आणि फाब्र यांचं काम याच बळावर उभं आहे. आधुनिक काळातलं याचं सर्वांत मोठं उदाहरण जेनिफर ओवेन यांचं. ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात साध्या उपनगरी घराच्या बागेत त्यांनी १९७२ ते २००१ अशी तीस वर्षं नोंदी ठेवल्या. एकूण २,६७३ जातींची नोंद झाली, त्यांतले १,९९७ कीटक होते. एका घराच्या बागेत! थंड हवेच्या देशात ही स्थिती, तर आपल्या कोकणातल्या परसात काय असेल याचा विचार वाचकाने करावा.

पुन्हा पुन्हा पाहण्याने काय दिसतं, याचं एक उदाहरण देतो. थंडीत वालाच्या वेलावर, कोवळ्या शेंगांच्या देठाशी काळा मावा धरतो. पहिल्या नजरेला तो नुसता काळा थर असतो. भिंग लावल्यावर त्यात थोरल्या, धाकट्या आणि तान्ह्या अशा पिढ्या दिसतात. माव्याची मादी नराविना जिवंत पिल्लं देते. पिल्लू मागच्या बाजूने बाहेर येतं, हवेत लोंबकळत पाय मोकळे करतं आणि शेंगेवर टेकताच सोंड खुपसायला जागा शोधतं. मुंग्या मधून फिरतात, मिशांनी माव्याला चाळवतात आणि त्याने सोडलेला गोड थेंब पितात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच शेंगेवर बिनपायांची, बिनडोळ्यांची एक अळी दिसू लागते. ती फुलांवर घोंगावणाऱ्या सिर्फिड माशीची. डोकं इकडून तिकडे फिरवत ती चाचपडते, मावा लागला की तो उचलते आणि शोषून टाकते. लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या काळ्या, काटेरी अळ्याही येतात. पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो गर्दीत मधेच बसलेला एखादा फुगीर, वाळक्या गवताच्या रंगाचा मावा. तो हलत नाही. त्याच्या आत एका चिमुकल्या गांधीलमाशीची अळी वाढते आहे. काही दिवसांनी त्याच्या पाठीला एक सुबक गोल भोक पडलेलं दिसतं आणि आतलं घर रिकामं असतं. शेतकरी ज्यांना मित्रकीटक म्हणतात ते हेच. औषध फवारण्याची घाई केली नाही, तर हा सगळा हिशेब बराचसा आपला आपण जुळतो. एका चित्रात यातलं काहीही मावत नाही. एकाच शेंगेच्या चित्रमालेत मावतं.

दुसरं उदाहरण आंब्यावरचं. तांबड्या विणकर मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, पानांच्या कडा ओढून धरतात आणि आपल्याच अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने त्या शिवून घरटं करतात. त्यांच्या रांगेच्या कडेला कधी एक मुंगी जरा वेगळी चालताना दिसते. जवळून टिपली की पाय आठ निघतात. पुढचे दोन तिने मिशांसारखे वर धरलेले असतात आणि तोंडावर पुढच्या बाजूला दोन मोठे, चकाकणारे डोळे असतात. ती मुंगीच नव्हे. मुंगीचं सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी आहे. कोळी कीटकांत मोडत नाहीत हे खरं, पण परसातल्या कीटकांची गोष्ट त्यांना वगळून सांगता येत नाही, म्हणून त्यांना या पुस्तकात जागा दिली आहे.

घराभोवतीचे जीव पाहण्याची परंपरा आपल्या भूमीलाही नवी नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकन यांचा जन्म १८५१ मध्ये साताऱ्याचा. मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी करताना त्यांनी बंगल्यात आणि बागेत वावरणाऱ्या मुंग्या, वाळवी, कोळी, फुलपाखरं यांच्यावर लिहिलं. त्यांचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ १८८३ चं, आणि त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते होते. आपल्याकडच्या कीटकांवरचं पुढचं पुष्कळ लेखन शेतीच्या अंगाने झालं, आणि ते साहजिकही होतं. मात्र त्यामुळे कीटक म्हटलं की कीड आणि कीड म्हटलं की फवारणी, ही साखळी मनात घट्ट बसली. परसात पडवळाच्या मांडवाखाली बसून पाहणाऱ्याला ती हळूहळू सैल करता येते.

हे सगळं आत्ता का सांगायचं? जर्मनीत ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षं सापळे लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले: उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन पाऊणपटीहून अधिक घटलं होतं. तेही राखीव निसर्गात. आपल्याकडे अशी दीर्घ नोंदीची परंपरा फार थोडी, त्यामुळे काय गेलं हे सांगायला आजोबांच्या आठवणींखेरीज आधार नाही. काजवे पूर्वी किती असत, मृगाचे किडे पहिल्या पावसानंतर कसे लाल मखमल पसरल्यासारखे दिसत, हे सगळे सांगतात. तारीख आणि ठिकाण कुणी लिहून ठेवलेलं नसतं. दरम्यान अंगणात फरशा बसतात, कुंपणाच्या कडेची रुई आणि एरंड तण म्हणून उपटले जातात. रुई गेली की तिच्यावर वाढणारं ‘प्लेन टायगर’ जातं, एरंड गेला की ‘कॉमन कॅस्टर’. डासांसाठी सोडलेला धूर डासांपुरता थांबत नाही. अशा काळात तारीख, जागा आणि झाडाचं नाव असलेलं साधं छायाचित्रसुद्धा पुरावा ठरतं. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर असे पुरावे साठतात आणि संशोधक ते वापरतात.

कधी तर त्यातून विज्ञानाला नवा जीव मिळतो. मलेशियातले छायाचित्रकार हॉक पिंग गुएक यांनी टिपलेल्या, जाळीदार पंखांच्या एका हिरव्या किड्याचं चित्र कॅलिफोर्नियातले कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांच्या पाहण्यात आलं. पंखांवरची काळी-निळी नक्षी त्यांच्या ओळखीची नव्हती. पुढे नमुना मिळाला आणि २०१२ मध्ये ‘सेमाक्रायसा जेड’ ही नवी जात जाहीर झाली. आपल्या जवळचं उदाहरण ठाण्याच्या परिसरातलं: तिथून नोंदवलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं, मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात अजमल कसाबला पकडताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. इतक्या गजबजलेल्या शहराशेजारी विज्ञानाला अनोळखी जीव राहत होता.

आणखी एक कारण अगदी अलीकडचं आहे. आता न घेतलेलं छायाचित्र यंत्राकडून बनवून घेता येतं, आणि त्यातला भुंगेरा झगझगीत, निर्दोष दिसतो. पाहणाऱ्याची नजर त्याला सरावली तर खऱ्या किड्याचा फाटका पंख, तुटलेली मिशी, पाठीवर चिकटलेली माती या गोष्टी त्याला उणिवा वाटू लागतील. फाटका पंख म्हणजे बहुधा पक्ष्याच्या चोचीतून वाचल्याची खूण असते. या पुस्तकात अशी चित्रं मुद्दाम ठेवली आहेत आणि त्यांच्यावर संगणकाची सफाई केलेली नाही.

पुस्तकातली सगळी चित्रं कोकणातल्या एकाच परसातली, जिवंत आणि मोकळ्या कीटकांची आहेत. एकही किडा गारठवलेला, बांधलेला किंवा जागेवरून हलवलेला नाही. मांडणी कीटकांच्या गणांप्रमाणे न करता झाडांप्रमाणे केली आहे, कारण परसात किडा शोधायचा तर आधी झाड ओळखावं लागतं. तुळशीच्या मंजिऱ्यांवर दिवसा निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या येतात. त्यांचे नर संध्याकाळी सुकलेली काडी जबड्यात पकडून, पाय आखडून, ओळीने झोपतात. पानफुटीच्या जाड पानाला फिकट फोडासारखा डाग दिसला तर तो प्रकाशात धरून पाहावा. ‘रेड पिएरो’ची अळी पानाच्या दोन पदरांमध्ये राहून आतला गर खात असते. ज्याला झाड माहीत आहे त्याला अर्धा किडा सापडलेला असतो. ऋतूंचा क्रम प्रत्येक झाडाच्या आत राखला आहे, म्हणजे तीच फांदी मृगात, भाद्रपदात आणि माघात कशी दिसते हे सलग पाहता येईल. स्टॅकिंग जिथे वापरलं तिथे तसं नमूद केलं आहे. ते झोपलेल्या किंवा दबा धरून बसलेल्या किड्यांपुरतंच आहे. साधनांचा भाग मी आखूड ठेवला, कारण साधनं दर वर्षी बदलतात. प्रकाशाचा भाग लांबवला, कारण तो बदलत नाही, आणि साध्या फोनवाल्यालाही तो तितकाच लागू पडतो.

ज्याच्याकडे परस नाही त्यानेही हे पुस्तक बाजूला ठेवू नये. सज्जातल्या कुंडीत कढीपत्ता, पानफुटी आणि तुळस लावता येते, आणि चौथ्या मजल्यावरची कुंडीसुद्धा फुलपाखराची मादी हुडकून काढते. सोसायटीच्या कुंपणाला लागून असलेली हातभर मोकळी माती, न कापलेलं थोडं गवत, एवढ्यावर बरंच जगतं.

राहिला प्रश्न ओळखीचा. फुलपाखरं, चतुर, मोठे भुंगेरे यांची जात चांगल्या छायाचित्रावरून ठरवता येते. लहान माश्या, तुडतुडे आणि परजीवी गांधीलमाश्या यांची जात नुसत्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा लागतो आणि अनेकदा जननेंद्रियांची तपासणी करावी लागते. इथले किडे मारायचे नाहीत असं आधीच ठरलेलं असल्याने अशा ठिकाणी नाव कुळापाशी थांबवलं आहे. चित्राखाली तारीख, वेळ, झाड आणि किडा काय करत होता याची एक ओळ दिली आहे. त्या कुळाचा अभ्यास असलेल्या वाचकाने त्या ओळीवरून आणि चित्रावरून नाव पुढे नेलं तर ते प्रकाशकांकडे जरूर कळवावं; पुढच्या आवृत्तीत ते त्याच्या नावानिशी छापलं जाईल.